पाचवीच्या रात्री लागलेली झोप

आमच्या घरी रात्री जागायचं काम निघालं की ते आपोआप माझ्याकडे येतं. ओलिताला जाणाऱ्या मुलाला पहाटे उठवायचं, व्यायला आलेल्या गाईकडे लक्ष ठेवायचं, लग्नाहून उशिरा येणाऱ्यांना दार उघडायचं. ‘आजी हाये ना जागी,’ असं म्हणून सगळे खुशाल झोपतात. म्हातारीची झोप गेली तर गेली, घराला फुकटची चौकीदारीण मिळाली. त्यामुळे नातीच्या बाळंतपणात पाचवीचं जागरण माझ्याच गळ्यात पडणार, हे कुणाला बोलूनही दाखवावं लागलं नाही.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हाच मी जाहीर करून टाकलं होतं की लेकराची आंघोळ माझ्या पायावर होईल. दुसऱ्या कुणी पिढ्याला हात लावायचा नाही. पिढ्यावर बसून पाय लांब करायचे, दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत लेकरू पालथं घालायचं, तेल जिरवायचं, मग उताणं करून ऊन पाणी ओतायचं. हे काम मी तीन पिढ्या केलं आहे. आमच्या गल्लीतली निम्मी डोकी माझ्या हातानं गोल झाली आहेत. उरलेली निम्मी वाकडी का, ते त्यांच्या आज्यांना विचारा.

पणती झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आली आणि पाचवी आली.

पण पाचवीआधी एका बाईबद्दल सांगितलं पाहिजे. ती बाई मीच, पण तिशीतली. काय तिचा तोरा! झोप म्हणजे तिच्या बापाची जहागीर. कापूस वेचताना दुपारची भाकर पोटात गेली की ही बांधावर आडवी. हरिपाठात झोपायची, एसटीत उभ्यानं झोपायची. स्वतःच्या हळदीला बसल्या बसल्या झोपली होती. बायांनी नाकाच्या शेंड्यावर हळदीचा गोळा ठेवला तरी नवरीला पत्ता नाही. आणि वरून उपदेश! संध्याकाळी ओट्यावर म्हाताऱ्या बसून कण्हायच्या, “रातभर डोयाले डोया लागत नाही वो बाई,” की ही शहाणी हातातलं सूप बाजूला ठेवून सांगणार, “काम करा जरा अंगमोडीचं, लागते झोप. तळव्याले काशाची वाटी घासा.” त्यातली एक म्हातारी एकदा म्हणाली, “तुह्या तळव्याले कोन घासन, ते पाहू.” त्यावर मी काय उत्तर दिलं, ते आठवत नाही. बहुतेक तोवर मी झोपले असेन.

साठी उलटली आणि जहागीर खालसा झाली.

अंग मोडून यायचं, डोळे मिटायचे, पण झोप उंबऱ्यापाशी येऊन परत फिरायची. लागलीच तर तुकड्यांनी लागायची. दचकून जाग यायची तेव्हा तोंड कोरडं ठाक, छाती अशी धडधडत असायची जशी मी कुणाच्या शेतातून हरभरा उपटून पळाले आहे. उठायचं, मोरीत जाऊन यायचं, पुन्हा पडायचं, पंख्याकडे पाहायचं. सकाळी डोकं दुखायचं. आणि दिवसा? दिवसा झोप बोलावणं नसताना यायची. तुरीची डाळ निवडताना, टीव्हीसमोर, फोनवर बहिणीशी बोलताना. बहीण पलीकडून ओरडायची, “अगं, हाये का गेली?”

यातली खरी गंमत अशी की माझ्यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता.

“आई, रातभर तर घोरत होत्या तुम्ही,” सून चहा देताना म्हणायची. “आमच्या खोलीत आवाज येत होता.”

“मी जागी होती.”

“मंग घोरत कोन होतं?”

सगळे हसायचे. मीही हसायचे, काय करता! पण मनातून मी रडकुंडीला आले होते. आपण जागे आहोत हे आपल्याला पक्कं ठाऊक असावं आणि सगळं घर साक्ष देत असावं की तुम्ही झोपल्या होत्या. मग आपल्या खाटेवर रोज रात्री येऊन झोपणारी ही दुसरी बाई आहे तरी कोण?

शेजारी गॅरेजवाल्यांचं घर आहे. त्या घरची भाभी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण आमचं गूळपीठ. तिला माझी दया आली. सासूसाठी डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या तिच्याकडे उरल्या होत्या. “आधी गोलीच खाना अम्मा, बच्चे जैसी नींद आएगी,” म्हणाली. अर्धी अर्धी करून मी त्या सुपारीच्या डब्यात लपवल्या. पहिल्या चार रात्री खरंच काळी कुट्ट झोप लागली. नंतर मात्र सकाळी डोकं असं जड व्हायला लागलं, जसं कुणी त्यात ओला कापूस ठासून भरला आहे. तरी मी गोळी सोडली नाही. दवाखान्यात जाऊन हे सांगायचं म्हणजे घरच्यांना सांगायचं, आणि घरच्यांना सांगितलं तर लेकरू माझ्या पायावर कोण देईल?

तर पाचवी. पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. त्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, तेव्हा घरात कुणीतरी जागं पाहिजे. गल्लीतल्या बाया जमल्या, भाभीही आली. मी बाळंतिणीच्या खाटेपाशी भिंतीला टेकून, मुख्य पाहुणी असल्यासारखी बसले. गोळी अर्थातच घेतली नव्हती. दोन गाणी झाली, चहा झाला, भाभीनं आपल्या सासूची नक्कल करून दाखवली, तिथपर्यंत मला आठवतं.

त्यापुढची रात्र मी पाहिली नाही. ती मला सकाळी ऐकवली गेली.

नातीनं मोबाइल माझ्या कानाशी धरला. सुरुवातीला नुसतं हसणं. कुणीतरी म्हणतंय, “पाहा वो, चौकीदारीनच झोपली!” मागे घोरणं चाललंय, पिठाची गिरणी बरी. मी म्हटलं, “बंद कर ते, चावट कुठली.” पण नातीनं बंद केलं नाही, आणि ती हसतही नव्हती.

घोरणं एकदम थांबलं. बाया हसत होत्या. मग हसणं विरळ झालं. मग कुणीच हसत नव्हतं. नुसत्या बांगड्या वाजल्या. नातीचा आवाज, “आजी?” आणि लगेच भाभीचा, “या अल्ला, अम्मा की साँस रुक गई! हिलाओ इनको, हिलाओ!” पाठीवर धपाधप आवाज. आणि मग, विहिरीत तळाशी अडकलेली बादली हिसका देऊन सुटावी तसा एक घोट हवा ओढल्याचा आवाज. पुन्हा गिरणी सुरू. जाग नाहीच. थोड्या वेळानं पुन्हा थांबली.

“पुन्हा लाव,” मी म्हटलं.

दुसऱ्यांदा ऐकताना मी एक खोडी केली. मोबाइलमधली बाई थांबली की मीही श्वास धरून पाहिला, ती किती दम काढते ते. माझी छाती फुटायला आली. मी तोंड उघडून हवा घेतली, तरी मोबाइलमधली बाई अजून गप्पच होती. मी जिंकूच शकले नाही तिच्याशी.

त्या बायांनी रात्रभर लेकराच्या उशाशी नाही, माझ्या उशाशी जागरण केलं होतं. सटवाई आली असेल तर तिलाही लिहिणं सोडून म्हातारीला गदागदा हलवावं लागलं असेल. हे मी बोलूनही दाखवलं. सून हसली नाही.

आणि मला एकाएकी त्यांचं कोपर आठवलं. त्यांचं म्हणजे मालकांचं. जाऊन सात-आठ वर्षं झाली. जन्मभर मी त्यांच्याशी भांडले की तुम्ही रात्री कोपरानं ढोसता, मला झोपू देत नाही. पाहुण्यांपुढे उणंदुणं काढलं, खाट वेगळी करायची धमकी दिली. ते म्हणायचे, “तू मधीच चूप होते, मले बरं नाही वाटत.” त्यावर मी, ती अकलेची खाण, म्हणायची, “बायको चूप झाली तर लोकं नारळ फोडतात!” माणूस बरगडीत ढोसून ढोसून हिला श्वास घ्यायला लावत होता, आणि हिला वाटायचं नवरा खाष्ट आहे. कोपर गेलं तेव्हापासून झोप जास्त बिघडली होती. मी ते दुःखाच्या खात्यात टाकून दिलं होतं.

“आई, यवतमाळले दाखवून येऊ,” सून म्हणाली.

“लेकराची आंघोळ सोडून मी कुठंच जात नाही. थकली होती, लागली झोप.”

नाळ पडली आणि आंघोळी सुरू झाल्या. ते दिवस मला अजून हातात जाणवतात. पणती पायावर आली की तिच्या पाठीची ती उबदार लव, मुठी वळलेल्या, टाच माझ्या अंगठ्याएवढी. मी तिला शिव्या घालत तेल लावायचे, “मोठी आली माय रानी, काहून रडते वो, तुह्या मायलेही असंच रगडलं होतं मी.” सून चुलीवरचं पाणी आणून द्यायची, नात दारातून पाहायची. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी तांब्या पडल्याचा आवाज झाला.

मला वाटलं, सुनेनं पाडला. पाहते तर माझा हात रिकामा आणि सुनेचा हात माझ्या पायांच्या मधे. लेकरू नडगीवरून घसरून डोक्याकडून फरशीकडे चाललं होतं, आणि ते डोकं सुनेच्या तळव्यावर होतं. मी झोपले होते. आणि झोपल्याचं मला कळलंच नव्हतं. वाफेत डोळे मिटले, आणि मधला तुकडा कुणी कात्रीनं कापून नेला.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लेकरू दुपट्यात गुंडाळलं, आत नेलं, शेकलं, पाजायला दिलं. मग येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली.

“आई, उद्यापासून मी घालते. डाक्टर हो म्हनन तोवर.”

“तुह्या पोरीले मी न्हाऊ घातलं, तेव्हा तुले तेल कोनत्या हातानं लावा ते ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं ठाऊक, म्हनून तुमच्याजवळ देल्ती,” ती म्हणाली. “आता ठाऊक आहे.”

मी मागच्या अंगणात शेवग्याखाली जाऊन रडले. रडता रडताही एक डुलकी लागली. असा हा रोग, धड रडूही देत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी एका रात्रीसाठी छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून दिली. म्हणाले, “हे लावून झोपा.” झोप येत नाही म्हणून आलेल्या बाईला झोपून दाखवा म्हणतात! कशीबशी ती परीक्षा दिली. आठवड्यानं पुन्हा गेलो. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा, पण बोलणं सरळ.

“आजी, तुम्हाला दोन दुखणी आहेत. एक झोप न लागण्याचं, आणि एक झोपेत श्वास अडण्याचं. वय वाढलं की झोप पातळ होते, आणि घशातले स्नायूही सैल पडतात. त्यामुळे या वयात दोन्ही जोडीनं पुष्कळांना होतात. श्वास अडला की मेंदू तुम्हाला दचकवून उठवतो. असं रोज झालं की मेंदूला जागं राहायची सवयच लागते. झोपेसाठी काही घेता का?”

सोबत आलेला माझा मुलगा समोर होता. मी सुपारीचा डबा काढून टेबलावर ठेवला. मुलगा आधी डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला.

“ही गोळी घसा आणखी सैल करते,” डॉक्टर म्हणाले. “श्वास अडला तरी लवकर उठू देत नाही. अशी मागून आणलेली गोळी घेऊ नका. पूर्ण बंद करू. कशी, ते मी सांगतो.”

म्हणजे मला आतून ढोसून उठवणारी कोपरं मीच बांधून ठेवली होती.

त्यांनी मुखवटा आणि मशीन दिलं. नाकावर मुखवटा, डोक्यामागून पट्टे, नळीतून रात्रभर हवा. वर नियम. दुपारी झोपायचं नाही, झोप आल्याशिवाय खाटेवर जायचं नाही, सकाळी ठरल्या वेळी उठायचं.

“लेकराले कधी घेता येईन पायावर?”

“दिवसा झापड यायची थांबली की. काही आठवडे लागतील. महिनेही लागू शकतात. घाई करू नका.”

घाई करू नका! सव्वा महिना झाला की नात सासरी जाणार होती.

पहिल्या रात्री मुखवटा लावला तेव्हा नात म्हणाली, “आजी, तू फवारणीले निंघाल्यासारखी दिसून राह्यली.” सगळे हसले. दिवा मालवल्यावर मी एकटीच उरले. श्वास सोडायला जावं तर समोरून हवा ढकलते. तोंड उघडलं की गालातून फुस्स होते. कुशीवर वळलं की पट्टा कानाला काचतो. झोपले तर श्वास थांबतो. श्वास चालू ठेवणारं मशीन लावलं तर झोप येत नाही. यातून कोणत्या दारानं बाहेर पडायचं? वीज गेली की मशीन तर एकदम मुकं होई आणि तोंडावर कुणी उशी दाबल्यासारखं वाटे. मी पट्टे ओरबाडून फेकत असे. भाभीच्या नवऱ्यानं गॅरेजमधलं इन्व्हर्टर आणून जोडून दिलं तेव्हा ती भीती गेली, पण झोप काही इन्व्हर्टरवर चालत नाही. भाभी मात्र माझ्यासमोर कान धरून उभी राहिली, “गलती हो गई अम्मा.” मी म्हटलं, “गलती तुही नाही. मागून खाणारीची आहे.”

डबा डॉक्टरांकडेच राहिला, पण एक अर्धी गोळी पदराच्या गाठीत निघाली. ती तळहातावर घेऊन मी किती वेळ बसले असेन! एक रात्र, फक्त एक रात्र कुणी मला बंद करून ठेवावं, एवढंच मागत होते. शेवटी मोरीत टाकली. मग मोरीत वाकून पाहिलं, परत मिळते का. या वयात मोरीच्या जाळीत बोट घालून बसलेल्या मला पाहून ती बांधावरची बाई हसून हसून पुन्हा झोपली असती.

रोज सकाळी पिढं दिसायचं. सून आंघोळ घालायची, मी दूर बसून सूचना करायचे, “कानामागं लाव, मान धर.” ती सगळं ऐकायची. तेवढंच मला जास्त लागायचं. भांडली असती तर मला काहीतरी काम मिळालं असतं.

शेवटच्या आठवड्यात थोडा फरक पडला. मुखवट्यात सलग दोन-तीन तास झोप लागायला लागली. सकाळी डोकं कमी दुखे. मी सगळ्यांना सांगत सुटले. जायच्या दिवशी सकाळी नातच म्हणाली, “आजी, आज तू घाल. मी बाजूले बसतो.” आमच्याकडच्या पोरी लाडात आल्या की मुलासारखं बोलतात. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. पाण्याची बादली आणून ठेवली आणि पदर खोचून भिंतीपाशी उभी राहिली.

आदल्या रात्री काय झालं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. उद्या आंघोळ मागायची या धसक्यानं मी मुखवट्यात डोळे उघडे ठेवूनच पडून होते.

पिढ्यावर बसले. पाय लांब केले. नातीनं पोट्टी पायावर ठेवली. महिन्यात केवढी झाली होती! नडग्यांच्या खोबणीतून आता टाचा बाहेर येत होत्या. मी तेल घेतलं. पाठ, दंड, मांड्या. ती रडली नाही, माझ्या नडगीवर गाल ठेवून पाहत राहिली. हात सगळं विसरले नव्हते. उताणी केली. पहिला तांब्या ओतला. वाफ आली.

आणि मला ते येताना दिसलं. आधी कधी दिसलं नव्हतं. भिंतीवरच्या फरशीच्या रेघा जवळ आल्या, नातीचा आवाज लांब गेला, तांब्या हलका झाला. अजून डोळे उघडे होते. अजून काही झालं नव्हतं. आणखी दोन तांबे ओतले असते, तर आंघोळ झालीच असती.

“सूनबाई, घे हिले.”

“काय झालं?” नात म्हणाली. “तुहे डोये तर उघडे आहेत!”

“घे म्हनते ना!”

सून आधीच वाकली होती. तिनं लेकरू उचललं, मी बाजूला सरकले, ती माझ्याच पिढ्यावर बसली आणि पाय लांब केले. उरलेले तांबे ओतताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी ओल्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, “दुपटं धरा, आई.” मी दुपटं धरलं.

दुपारी गाडी आली. नातीनं पोट्टी माझ्या मांडीवर दिली, खाटेवर, चहूकडून उशा लावून, जशी मीच बाळंतीण.

“दिवाळीले येतो आजी. तोवर तू बरी होशीन.”

दिवाळीपर्यंत पोट्टी बसायला लागेल, रांगायला लागेल. पायावर न्हाणाऱ्या लेकराचं वय फार थोडं असतं. मी बरी होईन तेव्हा ती मावणार नाही. हे नातीलाही ठाऊक होतं आणि म्हणूनच ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“एक काम कर,” मी म्हटलं. “लवकर दुसरं होऊ दे. तोवर शिकते मी झोपाले.”

“आजी!” ती ओरडली. जावई गाडीत सामान ठेवता ठेवता लाजला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी आत आले. पिढं अजून ओलं होतं. ते उचलून उन्हात ठेवायला गेले, आणि नुसतीच त्यावर टेकले, पाय लांब करून. डोळ्यांवर झापड होती आणि दुपारी झोपायची मनाई होती.

“आई,” सून आतून म्हणाली, “झोपल्या काय?”

“नाही वो,” मी म्हटलं. “जागीच आहे.”

ती तरी बाहेर येऊन पाहून गेली.